कॅमेऱ्यासाठी लावलेला उजेड

"शिवणवर्ग बंद केला मी. गुडघे दुखतात हल्ली," ताई जेवताना म्हणाली. धाकट्या भावाने "बरं केलंस, आराम कर" म्हणत भाजी वाढून घेतली. घरच्यांचं बोलणं आपण किती सहज कानाआड करतो, नाही का मंडळी?

हा भाऊ नगरपालिकेत विद्युत अभियंता. मोठ्या रस्त्याखालचा भुयारी मार्ग त्यानेच नव्याने उजळवला होता. कॅमेऱ्यात चेहरे स्पष्ट यावेत म्हणून दिवे येणाऱ्याच्या थेट तोंडावर रोखलेले. शिवाय भोंग्यावरून एका बाईचा आवाज सतत बजावायचा, "सावध राहा! अनोळखी व्यक्तींपासून दूर राहा!" तिथे किल्ल्या बनवत बसणाऱ्या काकांना मात्र त्याने उठवलं होतं. त्यांची कानस आणि त्यांचा रेडिओ म्हणे नियमात बसत नव्हता. साहेबांनी पाठ थोपटली आणि स्वारी हवेत तरंगू लागली.

संध्याकाळी रस्त्यापलीकडे मैत्रिणीच्या खोलीत भरणाऱ्या वर्गातून ताईचं शिलाई मशीन आणायला तो तिच्याबरोबर निघाला. भुयारात शिरताच ताई थबकली. समोरून कुणीतरी येत होतं. दिवे डोळ्यांवर, त्यामुळे चेहरा दिसेना, नुसती काळी आकृती. भोंग्यापुढे पावलं ऐकू येईनात. मागे कुणी आहे का, तेही कळेना. अभियंत्याने ताईचा हात घट्ट धरला! आकृती अगदी जवळ आली तेव्हा कळलं, वरच्या मजल्यावरचे मास्तर दूध घेऊन चालले होते.

"घाबरलास?" ताईने विचारलं.

"छे! म्हणजे... हो, जरा."

"मी रोज घाबरायचे."

"मग तुझे गुडघे?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय!"

"अगं, पण मी उजेड किती वाढवलाय! मोजून घेतलाय."

"कुणासाठी? कॅमेऱ्याला माझं तोंड स्वच्छ दिसतं रे, मला समोरच्याचं दिसत नाही. पूर्वी दिवे मिणमिणते होते, पण काकांचा रेडिओ ऐकू यायचा. वाटायचं, हाक मारली तर ओ द्यायला कुणीतरी आहे. आता ही बाई सारखी 'सावध राहा' म्हणते. इथे काहीतरी वाईट होणारच, असंच मनात बसतं."

"मला सांगायचं नाही का?"

"इतका खुशीत होतास. कशाला विरजण घालायचं?"

ज्या कामाची फुशारकी मारली, त्याच कामाने बहिणीला घरी बसवलं होतं. किती वाईट वाटलं त्याला!

त्याने दिवे सौम्य करून भिंतींकडे वळवले, भोंगा बंद केला, काकांची माफी मागून त्यांना परत आणलं. मग ताईला मुद्दाम घेऊन गेला. समोरून येणाऱ्यांचे चेहरे आता दुरूनच ओळखू येत होते.

"छान झालंय रे," ताई मनापासून म्हणाली.

"मग वर्ग सुरू कर ना परत!"

"कुठे? मैत्रिणीने ती खोली दुसऱ्या कुणाला भाड्याने दिली. मुली पांगल्या. आणि खरं सांगू? एकटीने बाहेर पडायची माझी उमेदच गेली."

नागरिकहो, झगझगाट आणि इशारे म्हणजे सुरक्षितता नव्हे. माणसाला माणूस दिसावा, त्याची चाहूल लागावी, हाकेला ओ मिळावी, तेव्हा कुठे जीव निर्धास्त होतो. म्हणून दिवा लावण्याआधी तिथून एकट्याने जाणाऱ्याला विचारा. ताईला तिच्या सख्ख्या भावानेही वेळेवर विचारलं नाही. आता तो रोज विचारतो, "ताई, येतेस का फिरायला?" आणि ताई म्हणते, "आज नको रे."