चौदाव्या मजल्यावर बांधलेला वारा

शनिवारी दुपारी तीन वाजता गुरुग्राममधल्या आमच्या सोसायटीत वारा बांधायला सुरुवात झाली. संध्याकाळी धुळीचं मोठं वादळ येणार, असा इशारा हवामान खात्याने सकाळीच दिला होता. शेजारच्या रुचिराच्या घरात पंचवीसएक माणसं दाटीवाटीने उभी होती. त्यांत दोन डॉक्टर होते आणि विमानांची इंजिनं तपासणारे एक गृहस्थही होते. बाल्कनीच्या दारात आंधीबाबा अगरबत्त्यांचा जुडगा धरून उभे होते आणि धूर आडवा होऊन घरात घुसत होता.

"देखो, कैसी दौड़ी आ रही है!" बाबा म्हणाले. "तूफान पहले अपना दूत भेजता है. हम दूत को ही बाँध लेते हैं. दूत बँधा, तो तूफान को रास्ता कौन बताएगा?"

दोन्ही डॉक्टरांनी माना डोलावल्या.

बाबांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि फरशीवर दाणकन पाय आपटला. धूर उभा राहिला, अगदी सरळ, थेट छताकडे. "बँध गई!" बाबा ओरडले. टाळ्या पडल्या, व्हिडिओ निघाले. मग एक नारळ लाल धाग्याने बाल्कनीच्या कठड्याबाहेर टांगला गेला आणि बाबांनी नियम सांगितला: वादळ जाईपर्यंत बाल्कनीतली एकही वस्तू हलवायची नाही, नाहीतर बंधन सुटतं.

मी हसले असते. पण माझ्या शेजारी माझा नवरा हरीश हात जोडून उभा होता, आणि तो का उभा आहे हे मला माहीत होतं.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातल्या वादळात आमची मोगऱ्याची कुंडी कठड्यावरून खाली गेली होती. खाली टॉवरच्या दाराशी सिक्युरिटी सुपरवायझर हणमंतराव बसतात; साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. कुंडी त्यांच्यापासून हातभर अंतरावर फुटली. त्यांनी माती झाडली आणि मोगरा दुसऱ्या डब्यात लावून आम्हाला परत आणून दिला. तेव्हापासून जरा वारा सुटला की हरीशच्या तोंडचं पाणी पळतं. तो एका मोठ्या कंपनीत धोक्यांचे अंदाज काढतो, त्याचाच त्याला पगार मिळतो. बाबांसाठीचा ऑनलाइन फॉर्म सोसायटीत सर्वांत आधी त्याने भरला होता.

आमची वेळ होती तीन चाळीसची.

बाबा आले. मागोमाग त्यांचा शिष्य, पन्नाशीचा, चांगला गलेलठ्ठ. मागोमाग गर्दी. "मुख्य द्वार खुला रखना," बाबांनी बजावलं, "बुरी हवा उधर से निकलेगी." आमची दहा वर्षांची मयुरा जेवणाच्या टेबलावर चित्र काढत होती. दोन्ही दारं उघडी, त्यामुळे तिचे कागद उडायला लागले. तिने त्यांवर पोह्यांचा डबा ठेवला, मग चहाचा. बाल्कनीच्या दारात धूर पुन्हा आडवा झाला. बाबा पुटपुटले. पाय आपटला.

धूर उभा राहिला. मयुराचे कागदही गप्प झाले.

ती वळली. "आई, त्या मोटे अंकलनी दार बंद केलं."

सगळ्यांनी मागे पाहिलं. शिष्य मुख्य दाराला पाठ लावून उभा होता आणि छताचा रंग निरखत होता.

"बच्ची चंचल है," बाबा म्हणाले.

"बिल्कुल," मी म्हणाले. "मयुरा, उघड पाहू ते दार."

तिने उघडलं. समोर लॉबी, लॉबीच्या टोकाला नुसती जाळी लावलेली खिडकी. बाल्कनीतून शिरणाऱ्या वाऱ्याला बाहेर पडायला वाट मिळाली आणि धूर आडवा झाला. तिने दार लावलं, वाट बंद झाली, धूर उभा राहिला. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मंत्र नाही, पाय आपटणं नाही. पाचव्या वेळी तिला कंटाळा आला. "यार, हे तर रोज होतं. कागद उडले की तूच ओरडतेस ना, दार लाव म्हणून?"

"द्वार भी तो हमारी ही इच्छा से बंद हुआ!" बाबा म्हणाले. हे त्यांना त्या घटकेला सुचलं असेल, तर माणूस हुशार आहे हे मी मान्य करते.

"मग आता दार उघडं ठेवून बांधा," मी हिंदीत सांगितलं.

बाबांनी घड्याळ पाहिलं. पुढच्या घरी उशीर होत होता. गुरुशिष्यांनी नारळांची पिशवी उचलली आणि गर्दीतले निम्मे लोक त्यांच्या मागोमाग गेलेसुद्धा.

हरीश अगरबत्ती हातात घेऊन तिथेच उभा राहिला. "मला सगळं कळतं गं," तो म्हणाला. "पण 'या वेळी नाही पडणार' असं कुणीतरी छातीठोकपणे सांगायला हवं होतं."

मला त्याची फार दया आली. "कुणी सांगू शकत नाही," मी म्हणाले. "कुंड्या आत घे."

आम्ही कुंड्या आत घेतल्या, कपड्यांचा स्टँड आणि खुर्च्या आणल्या, खिडक्यांच्या फटींत ओले पंचे कोंबले. मयुराने बादल्या भरल्या, कारण वीज गेली की इथे पाणीही जातं. मी फोन आणि टॉर्च चार्जिंगला लावले. रुचिराला विनवलं, नारळ तरी काढ. "बंधन सुटलं तर जबाबदार कोण?" तिने विचारलं आणि दार लावून घेतलं.

हरीश खाली गेला. हणमंतराव त्याच जागी, त्याच खुर्चीवर.

"साहेब, सावली इथंच असते. आणि आज तर वर सगळं बांधलंय म्हणतात."

"काही बांधलेलं नाही," हरीश म्हणाला. "गेल्या वर्षी मी कुंडी आत घेतली नाही, म्हणून ती पडली. चूक माझी होती. चला, आत बसा." हे त्याने वर्षभरात पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं.

पाच वाजून दहा मिनिटांनी आकाश पिवळं झालं. समोरचा टॉवर दिसेनासा झाला. वीस मिनिटं सगळं घर थरथरत होतं. वीज गेली, पाणी गेलं.

धूळ बसल्यावर आम्ही जिन्याने खाली उतरलो. हणमंतरावांच्या खुर्चीची पाठ मोडून पडली होती आणि तिच्या बैठकीवर फुटलेला नारळ होता. लाल धागा अजून त्याला बांधलेलाच होता.

हणमंतरावांनी वाकून तो धागा बोटाने उचलून पाहिला. मग त्यांनी हरीशचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी रुचिराने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की नारळाने संकट स्वतःवर घेतलं. त्या मेसेजखाली बावीस जणांनी हात जोडले. म्हणून हे लिहिते आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका. घरात अगरबत्ती लावा, दार उघडा, दार लावा आणि स्वतः पाहा. आणि पुढच्या वेळी इशारा आला की आधी बाल्कनीत जा. तिथे जे सुटं असेल ते आत घ्या. खाली कुणीतरी बसलेलं असतं.