ईदपुरता मागितलेला जंबिया

मित्रांनो, माझे पाते आजवर कुणाच्याही रक्ताने भिजलेले नाही. हे खरे तर अभिमानाने सांगायला हवे, पण सांगताना माझीच मान खाली जाते. मी एक जुना जंबिया आहे. वाकडे पाते, गेंड्याच्या शिंगाची मूठ आणि चांदीचे म्यान. मला पाहून लोक विचारतात, याने किती माणसे मारली असतील? एकही नाही. जे घडले ते मला म्यानातून बाहेर न काढताच घडले.

माझे पाते डोंगरातल्या एका लोहाराने ठोकले आणि म्यान इस्हाक नावाच्या ज्यू चांदीकाराने घडवले. शौहत खोऱ्याच्या शेख नाजीने मला कमरेला लावले. आमच्या मुलखात जंबिया भांडायला कमी आणि शब्द द्यायला जास्त लागतो. विहिरीवरून दोन टोळ्या हमरीतुमरीवर आल्या की शेख नाजी मला मधोमध ठेवी. निवाडा होईपर्यंत मग कुणाचा हात उठत नसे. कुणी जीव मुठीत धरून दारात आला, तर शेख मला त्याच्या हाती देई. मी जवळ असेपर्यंत त्या माणसाच्या केसालाही कुणी धक्का लावत नसे. आसरा संपवायचाच असेल तर जंबिया चारचौघांत, भर उजेडात परत घ्यायचा आणि त्या माणसाला दूर निघून जायला पुरेशी मुदत द्यायची, अशी रीत होती. एकदा एक विधवा मला गाठोड्यात घेऊन वैऱ्यांच्या तीन गावांतून माहेरी सुखरूप पोहोचली. त्या दिवसांत घरातल्या बायका माझ्या मुठीला तूप चोळत. मीही मनातून फुगून गेलो होतो.

शेख नाजीमागून त्याचा मुलगा मुकबिल शेख झाला. तो माणूस वाईट नव्हता. त्याच्या दारातून कुणी उपाशी जात नसे. पण त्याच्या मनात एक काटा सलत होता. खाली समुद्राकाठच्या बंदरात गोऱ्यांचे राज्य होते. शेजारचा सुलतान तिथे गेला की त्याच्यासाठी तोफा उडत. मुकबिल गेला की चौकीवरचा शिपाई त्याच्या उंटाच्या गोण्या तपासे. तो घरी येऊन म्हणे, "त्याला नऊ तोफा, आणि मला साधी टाळीसुद्धा नाही."

घरचे हसत. थोरली बहीण गलिया मात्र हसत नसे. ती म्हणे, "मुकबिल, तोफेचा आवाज डोंगरापलीकडे जात नाही. अब्बांचं नाव जात होतं."

त्याच सुमारास गोऱ्यांनी आणि तुर्कांनी आमच्या डोंगरांवर दगडांचे ढीग रचून हद्द आखली. अलीकडचे शेख इंग्रजांच्या करारात, पलीकडचे तुर्कांच्या ताब्यात. शेळ्या दोन्हीकडे चरत राहिल्या, आणि चोरही. पलीकडे लुटायचे आणि अलीकडे लपायचे, नाहीतर अलीकडे लुटून पलीकडे पळायचे, असा प्रकार वाढला. म्हणून करारात एक कलम घातले गेले, की हद्द ओलांडून आलेला गुन्हेगार शेखने सरकारच्या हवाली करावा. मुकबिलने त्यावर आपली मोहोर उठवली होती. त्या वेळी ते कलम त्याला कागदावरच्या इतर ओळींसारखेच वाटले होते.

मग एका दुपारी हुमैद आला. हद्दीपलीकडच्या बनी रुशैद टोळीतला तरणाबांड माणूस, अनवाणी, ओठ फुटलेले. त्याने शेखच्या दाराची चौकट धरली आणि म्हणाला, "शेख, मी तुमच्या आसऱ्याला आलोय. आधी काय केलंय ते ऐका, मग ठरवा."

त्याने काही लपवले नाही. बंदराकडे सरकारी टपाल घेऊन जाणाऱ्या साबित नावाच्या सांडणीस्वाराचा उंट त्याने पळवायचा बेत केला होता. साबितने बंदूक उचलली. हुमैदने दगड फेकला. दगड कपाळावर बसला आणि साबित जागच्या जागी गेला. "उंट हवा होता," हुमैद म्हणाला, "त्याचा जीव नको होता."

मुकबिलने सगळे ऐकून घेतले. मग त्याने मला कमरेतून सोडवले आणि हुमैदच्या हातात ठेवले. त्या घटकेला तो अगदी आपल्या बापासारखा दिसला. आजही मला तो तसाच आठवायला आवडतो.

हुमैद मेंढरांच्या वाड्यात राहू लागला. पडलेली भिंत त्याने बांधून काढली. झोपतानाही तो मला छातीशी धरी.

खजूर पिकायच्या आत बंदरावरून मेजर हॅलम नावाचा साहेब आला. बरोबर दुभाष्या आणि थोडे घोडेस्वार. साहेब उद्धट नव्हता. त्याने सतरंजीवर मांडी घातली, आले घातलेला कॉफीच्या सालींचा काढा तीनदा मागून घेतला आणि आधी पिकापाण्याची विचारपूस केली. मग तो कराराच्या कलमाकडे वळला. तुमच्या हद्दीत चोर लपणार असतील तर रस्ता राखायचा कसा, असे त्याने विचारले.

मुकबिल म्हणाला, "साहेब, चोराला आम्हीही चोरच म्हणतो. पण दाराशी आला की तो पाहुणा होतो."

दुभाष्याने ते सांगितले. साहेबाने मान डोलावली आणि म्हणाला, "साबितलाही आई आहे, शेखसाहेब. तिला काय सांगू?"

मित्रांनो, तिला काय सांगावे हे मलाही आजवर कळलेले नाही. साहेबाचे मागणे खोटे नव्हते, म्हणूनच पुढचे सारे अधिक बोचते. उठता उठता साहेब सहज बोलल्यासारखे म्हणाला, की करार पाळणाऱ्या शेखला बंदरात तोफांची सलामी देण्याबद्दल वर शिफारस करता येईल.

घोडेस्वार दिसेनासे होताच गलियाने भावाला गाठले. तिने हुमैदची बाजू घेतली नाही. ती एवढेच म्हणाली, "द्यायचा नसेल आसरा, तर उद्या सगळ्यांसमोर जंबिया परत घे. त्याला मुदत दे. तो पळेल किंवा पकडला जाईल, ते त्याचं नशीब. तुझा शब्द मोडणार नाही."

"आणि तो पळाला तर साहेब काय म्हणेल?"

"साहेब काय म्हणेल ते म्हणेल. तू तोफांचा विचार करतोयस."

"ताई, तू बायकांत जाऊन बस," मुकबिल म्हणाला. तो तिच्याशी असे कधीच बोलला नव्हता.

ईदच्या सकाळी तो स्वतः मेंढरांच्या वाड्यात आला. अंगावर नवा सदरा, दाढीला अत्तर. हुमैदला त्याने पोटाशी धरले आणि म्हणाला, "आज नमाजाला सगळं खोरं जमेल. शेखची कमर रिकामी बरी दिसत नाही. आजच्यापुरता दे, संध्याकाळी परत आणून देतो."

हुमैदने मला लगेच सोडवले. माझी मूठ आपल्या बाहीने पुसली, चुंबली आणि म्हणाला, "तुमचाच आहे, शेख. यात विचारायचं काय?"

नमाज संपण्याआधीच, मुकबिलच्या निरोपावरून ओढ्यात दबा धरून बसलेले साहेबाचे स्वार हुमैदला धरायला वर आले. हुमैदने पहिल्यांदा कमरेशी हात नेला, तिथे मी नव्हतो. मग त्याने माणसांच्या गर्दीत शेखकडे पाहिले. नुसता पाहत राहिला, आपले काही ऐकण्यात चुकले की काय असे. मुकबिलचा हात माझ्या मुठीवर होता.

बंदरात न्याय झाला आणि हुमैदला जन्मभरासाठी समुद्रापार काळ्या पाण्यावर धाडले. मुकबिलला सलामी मिळाली. तोफा धडाडल्या तेव्हा तो ताठ उभा होता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी हुमैदच्या आईने, जोहराने, हद्दीवरच्या बाजारात एका काठीला काळे फडके बांधून ती शेख मुकबिलच्या नावाने रोवली. आमच्याकडे ज्याने शब्द मोडला त्याच्या नावाने असे काळे फडके लावतात. कुणी ते उपटले नाही. पावसाळ्याआधी दोन टोळ्या कुरणावरून भांडल्या. मुकबिलने जुन्या रीतीने मला मध्ये ठेवले. एका टोळीच्या म्हाताऱ्याने मला अलगद उचलून परत त्याच्यापुढे सरकवले. "दुसरं काही द्या, शेख," तो म्हणाला. "हा तुम्ही ईदला परत मागाल."

कुणी हसले नाही. कुणी हसले असते तर बरे झाले असते.

मुकबिल वाळत गेला. शेवटी एके दिवशी तो पायी हद्द ओलांडून जोहराच्या दाराशी गेला आणि डोक्याचे मुंडासे काढून उंबऱ्याबाहेर बसला. "हुमैदच्या आई, शब्द मी मोडला," तो म्हणाला. "हा जंबिया घ्या, माझा बैल घ्या, काय हवं ते मागा."

जोहरा दाणे निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "पोरगा आणून द्या."

म्हणून मुकबिल मला घेऊन बंदरात गेला. हॅलम साहेबाने त्याला खुर्ची दिली. मुकबिलने विनवले, हवे तर सलामी परत घ्या, माझे नाव यादीतून काढा, पण त्या माणसाला सोडा. साहेब खरोखरच गोंधळला. शिक्षा न्यायाने झाली आहे, ती आपल्या हातात नाही, असे तो समजावत राहिला. मग त्याने विचारले, "आणि सलामी परत कशी घेणार, शेखसाहेब? तो तुमचा मान आहे."

मुकबिल बाहेर पडला. वेशीपाशी आला तोच नियमाप्रमाणे किल्ल्यावरून तोफा सुटल्या. तो रस्त्याच्या मधोमध थांबला. रस्त्यातले लोक बाजूला होऊन त्याला सलाम करू लागले, आणि तो दोन्ही कानांवर हात धरून एखाद्या मार खाणाऱ्या पोरासारखा खाली बसला.

परतताना त्याने मला जोहराच्या उंबऱ्यावर ठेवले आणि तो निघून गेला. नंतर त्याने कमरेला दुसरा जंबिया कधी लावला नाही. हुमैद परत आला नाही. जोहराने मला घरात घेतले नाही आणि फेकूनही दिले नाही. दारातल्या खुंटीला अडकवून ठेवले. येणाऱ्याजाणाऱ्याला मी दिसावे, एवढेच तिला हवे होते. ती गेली, तिच्या भावांची नातवंडे मोठी झाली, तरी मी तिथेच आहे.

मित्रांनो, परवा घरातल्या सुनेने माझे काळवंडलेले म्यान चिंचेने घासायला घेतले. तिचा सासरा म्हणाला, "राहू दे गं." मलाही तेच म्हणायचे होते. मला उजळवू नका. जपायचेच असेल तर दिलेला शब्द जपा. आणि तो पाळणे झेपत नसेल, तर चारचौघांत, भर उजेडात, समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून तसे सांगा. हुमैदला पळायला एक दिवस मिळाला असता, तरी कदाचित तो पकडला गेला असता. पण मग या खुंटीवर मी नसतो.