सुहैलचा सोंगाड्या

मिस्फरची नजर अख्ख्या वाळवंटात नावाजलेली. लांबवरचा उंट कुणाचा, ते तो नुसत्या चालीवरून सांगे. लोक वाहवा करत, आणि ती वाहवा त्याच्या डोक्यात गेली होती.

त्या वर्षी उन्हाळा हटता हटेना. विहिरीपाशी तळ ठोकून सगळे सुहैलची वाट बघत होते. तो तारा दिसला की उन्हाळा नांगी टाकतो, उंट घेऊन चराईला निघता येतं. पहाटे पुरुषमंडळी कॉफी पीत दक्षिणेकडे डोळे लावून बसली होती, तोच मिस्फर ओरडला, "आला! तो बघा सुहैल!"

"छे हो दाजी, तो सुहैलचा सोंगाड्या, सुहैलच्या आधी उगवून फसवणारा," त्याचा मेहुणा अजलान म्हणाला. "दरवर्षी त्याच्यापायी कुणीतरी खोटी शपथ खातं. डोळे गेले की काय तुमचे?"

सगळे खो खो हसले. मिस्फरचा पारा चढला. "तो सुहैल नसेल तर शम्माला तलाक!"

कुणी हसेना. कनातीपलीकडे त्याची बायको शम्मा भाकरीचं पीठ मळत होती, तिचा हात थांबला.

कॉफीचा पुढचा पेला भरेपर्यंत दुसरा तारा वर आला. वाळूला टेकलेला, मोठा, तांबूस, थरथरता. आता कुणाला विचारायची गरजच नव्हती.

"मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं," शम्मा आतून एवढंच बोलली. उजाडल्यावर गाठोडं बांधून ती भावाच्या, अजलानच्या तंबूत गेली.

"दाजी, तोंडातून गेलं ते गेलं," अजलान काकुळतीला आला. "तलाक मागे घ्यायला तीन महिन्यांची मुदत आहे. नुसतं 'चल' म्हणा, येईल ती."

मिस्फरला म्हणायचं होतं. जीव तुटत होता त्याचा. पण लगेच बोलावलं तर लोक म्हणणार, याची शपथ पोकळ. आणि तिने तरी एखादा निरोप धाडावा की! रोज संध्याकाळी तो टेकाडावर चढे, तिच्या चुलीचा धूर बघे आणि तसाच परत येई. असं करता करता मुदत सरली. पाऊस झाला, तळ पांगले. पुढल्या हिवाळ्यात शम्माचं दुसरं लग्न झालं.

बऱ्याच वर्षांनी उंटांच्या बाजारात अजलान भेटला. अजून दाजीच म्हणाला. कॉफी झाली, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. उठता उठता तो म्हणाला, "आता सांगायला हरकत नाही, दाजी. मुदत सरेपर्यंत तिनं गाठोडं सोडलंच नव्हतं. आई ओरडायची, तर म्हणायची, राहू दे गं, उद्या परत बांधावं लागेल."