सतरा नंबरची चिठ्ठी

बोलतोय मी, कापडी हत्ती. एक कान उसवलेला, पोटात कापूस, डोक्यात राग. सरकारदरबारी वर्षभर मी एका जोडप्याचं अपत्य होतो. हसू नका. कागदावर शिक्का आहे.

माझा जन्म एका अनाथालयातला. तिथल्या मावशींनी मला जुन्या पडद्यांच्या तुकड्यांतून शिवलं. अकरा महिन्यांच्या भिंगरीला दत्तक घेऊन ती दोघं निघाली, तेव्हा तिच्या मुठीत माझी सोंड होती. आई शाळेत शिकवायची, बाबा चष्मे बनवायचे. चार-पाच वर्षं बरी गेली. मग दोघांचं बिनसलं. कशावरून, ते त्यांनाही धड सांगता येत नव्हतं, म्हणून मोठ्यानं सांगायचे.

प्रकरण कोर्टात गेलं आणि घरातल्या सामानाची यादी करायला एक कारकून आला. त्याची पद्धत ठरलेली. वस्तूवर नंबराची चिठ्ठी चिकटवायची, फोटो काढायचा, मग ऑफिसात बसून फोटोवरून यादी लिहायची. फ्रिज पंधरा, वॉशिंग मशीन सोळा, मी सतरा.

"काका, नंबर कशाला?" भिंगरीनं विचारलं.

"वाटणीला, बाळ. नंबर लागला की वस्तू कुणातरी एकाची."

तो कॅमेरा काढायला वळला. भिंगरीनं माझ्या पोटावरची चिठ्ठी सोलली आणि स्वतःच्या फ्रॉकवर लावली. मला वाचवायला! मग मला मांडीवर घेऊन फोटोसाठी शहाण्यासारखी बसली.

ऑफिसात कारकुनानं फोटो पाहिला. फोटोत दोघं, नंबर एकाच्याच अंगावर. नंबर आहे ते सामान, नंबर नाही ते अपत्य. संपलं! वर चार जणांनी सह्या केल्या. चौघांनाही चष्मे होते.

हुकूम निघाला. अपत्यानं, म्हणजे मी, आठवडाभर आईकडे आणि शनिवार-रविवार वडिलांकडे राहावं. सतरा नंबरची वस्तू, म्हणजे भिंगरी, चालू स्थितीत असून कोरड्या जागी ठेवावी. समुपदेशक बाई माझ्याशी चाळीस मिनिटं बोलल्या आणि अहवालात लिहून गेल्या, 'मूल अबोल पण समंजस. कुणाचीही बाजू घेत नाही.'

"अहो, तो हत्ती आहे!" बाबा ओरडले.

"मुलाच्या दिसण्यावरून बोलू नका," बाई कडाडल्या.

आई नोंदीच्या दुरुस्तीसाठी खेटे घालून दमली. खिडकीवरचा माणूस म्हणायचा, "अर्जावर अपत्याची सही आणा." आणायची कुठून? मला चार पाय आहेत, पण बोट एकही नाही.

तोवर दुसरी नोटीस आली. ज्या वस्तूवर दोघांचाही दावा आहे, ती सोमवारी मूळ ठिकाणी परत पाठवावी. सतरा नंबरवर दोघांचा दावा होता. फ्रिजसाठी भांडले नसतील इतके भांडले होते तिच्यासाठी. आणि भिंगरीला आता वाचता येत होतं; आपलं मूळ ठिकाण अनाथालय, हेही ठाऊक होतं.

तिनं दप्तरातली पुस्तकं काढून दोन फ्रॉक आणि ब्रश भरला. रडली नाही. मला एवढंच विचारलं, "माझी खाट असेल का रे तिथे अजून?" माझ्या पोटात नुसता कापूस आहे. तरी काहीतरी टोचलं.

सोमवारी कोर्टात न्यायाधीश बाईंनी विचारलं, "तू कोण गं?"

"सतरा नंबर," भिंगरी म्हणाली. जपून ठेवलेली ती चिठ्ठी तिनं छातीवर लावली होती. "परत जायला आलेय. सामान भरलंय."

"आमची मुलगी आहे ती!" आई-बाबा एकदमच उठले. त्या वर्षात एका सुरात बोलले ते पहिल्यांदाच.

कारकून खाकरला. "मॅडम, रेकॉर्डला हत्ती आहे."

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बसला. मग त्या खुर्चीवरून उतरून खाली आल्या, भिंगरीसमोर वाकल्या आणि चिठ्ठी हळूच सोलली. "मोडतोय तो या दोघांचा संसार. तू यांची मुलगी आहेस, ते मोडणारं कलम माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही. दप्तरात पुस्तकं भर."

चिठ्ठी त्यांनी माझ्या पोटावर लावली.

"मग सतरा नंबर आजच रवाना करावा लागेल," कारकून पुन्हा उठला. "हुकूम निघालाय, मॅडम."

बाई भडकणार, तेवढ्यात भिंगरी म्हणाली, "पाठवा त्याला. तिथल्या बाळांना धरायला कुणीतरी हवं ना." आणि माझी सोंड सोडली.

आता मी अनाथालयाच्या खिडकीत बसतो. चिठ्ठी निघाली, डिंकाचा डाग राहिला. दात येत असलेलं एक बाळ माझा उरलेला कान चावतंय. चावू दे.

बाहेरच्या बाकावर दत्तकाचा अर्ज भरत बसलेल्यांनो, तुमच्याशीच बोलतोय. उद्या भांडाल, वेगळे व्हाल, खुशाल व्हा. पण इथे परत यायची पाळी फक्त हत्तीवर आणा.