सुक्या बोंबलाची गाडी

गाडी राहीची होती, हे पूर्णगडातलं शेंबडं पोरही सांगेल. संगमेश्वरच्या बाजारात मात्र ते कोणाच्या डोक्यात शिरत नव्हतं.

तिच्या नवऱ्याने, काशीरामने, ती जुनी राजदूत मोटारसायकल मोठ्या हौसेने घेतली आणि दोन महिन्यांत तो मुंबईला बोटीवर कामाला निघून गेला. गाडी पडवीत गंजत पडली. राही सुकी मासळी घेऊन एसटीने आतल्या बाजारांना जायची. एकदा उतारूंनी नाकाला रुमाल लावून असा गलका केला, की तिला टोपल्यांसकट हातखंब्यालाच उतरावं लागलं. भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभी असताना तिने ठरवलं, आता बास. ओहोटीच्या ओल्या वाळूवर ती गाडी शिकली, चार वेळा आपटली, गुडघे फोडून घेतले. लुगड्याला काष्टा होताच, तेव्हा टांग टाकायला कोणाची परवानगी लागली नाही. गावाने तोंडात बोटं घातली, आणि काही दिवसांनी काढलीही.

खाऱ्या हवेने हँडलचं कुलूप कधीच खाल्लं होतं, आणि बाजारातून गाड्या चोरीला जायच्या. म्हणून गाडी उभी केली की राही पान्ह्याने प्लग काढायची आणि पदराच्या टोकात बांधायची. इंजिन तापलेलं असे, प्लग चटके देई. तिच्या सगळ्या पदरांना भोकं पडली होती. पडेनात का! गाडी गेली असती तर पुन्हा टोपली डोक्यावर आणि पुन्हा तो रुमालांचा गलका. तो तिला मेल्यावरही नको होता.

त्या दिवशी संगमेश्वरला माल विकून ती परतली, तर गाडी जागेवर नाही. पण प्लग पदरात होता, तेव्हा गाडी ढकलतच नेलेली असणार. ती धावत रस्त्याला लागली. बाबूच्या गॅरेजसमोर गाडी उभी होती आणि टेरिलीनची पँट घातलेला, डोक्याला वासाचं तेल थापलेला एक माणूस बाबूकडे नवा प्लग मागत होता.

"ओ, सोडा ती! माजी गाडी हाय ती!" राही ओरडली.

माणूस जराही गडबडला नाही. तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळून तो हसला. "तुझी? मावशी, ऊन लागलं काय?"

जमलेली चाळीसेक माणसंही हसली. राहीने तिरीमिरीत पदराची गाठ सोडली आणि प्लग त्याच्यापुढे नाचवला. "मंग हा कोनाचा? गाडीतला प्लग माज्याकडं कसा?"

इथे ती चुकली. माणसाने लगेच आवाज चढवला. "बघा, बघा! प्लग हिनंच चोरलाय. म्हणून गाडी चालू होत नव्हती!"

सगळा बाजार तिच्यावर उलटला. शेजारच्या हॉटेलचा मालक भागोजीशेट गल्ल्यावरून उठून न्यायनिवाड्याला बाहेर आला. "कागद आहेत काय गं?"

"घरी ट्रंकेत हायत, घरवाल्याच्या नावावर. पन ह्याच्याकडं तरी कुठं हायत? त्याला इचारा की!"

त्याला कोणी विचारलं नाही. पँटवाल्याला कागद विचारायचे नसतात, एवढी रीत चाळीसही डोक्यांना ठाऊक होती.

राहीला रडू येत होतं, पण या लोकांपुढे रडेल ती राही कसली. तिने मागचा कॅरियर दोन्ही हातांनी घट्ट धरला. "नाकं हायत ना तुमाला? मगाशी माजी टोपली बगून फिरवलांत तीच. आना हिकडं आनि लावा ह्या कॅरियरला!"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. पँटवाला घाईघाईने म्हणाला, "त्यात काय? काल सासरवाडीला पापलेट नेलं होतं."

नुकतीच राहीकडून मासळी घेऊन निघालेली म्हातारी येसूबाई गर्दीतून पुढे घुसली. तिने वाकून कॅरियरवरच्या गोणपाटाचा दीर्घ वास घेतला.

"पापलेट? मेल्या, ह्यो सुक्या बोंबलाचा वास. आनि एका दिसाचा नाय, वरसाचा मुरलेला! तुज्या आंगाला तर निसता चमेलीचा वास येतो."

हशा पिकला, या वेळी पँटवाल्यावर. बाबूने त्याच्या कॉलरला हात घातला, पण तो हिसडा देऊन जो पळाला तो नदीकडे दिसेनासा झाला.

राहीने प्लग बसवायला घेतला. भागोजीशेट मऊ आवाजात म्हणाला, "झालं ते झालं. पुढल्या बाजाराला घरच्या कोणा पुरुषमाणसाला पाठव. बाईच्या हातात गाडी दिसली की चोराची हिंमत वाढते."

राही पान्हा कमरेला खोचून उभी राहिली.

"शेट, चोर एकच व्हता. गाडी माजी नाय म्हननारे तुमी चाळीस जन व्हतात. त्या एकाला आडवायला प्लग पुरला. तुमा चाळिसांना आडवायला मी काय आनू, सांगा!"

राहीने टांग टाकली, एका किकेत गाडी सुरू केली आणि बाजाराच्या मधोमध हॉर्न वाजवत निघाली. चाळीस जणांना बाजूला व्हावं लागलं.