स्पिरिदोनकाकांचं दर मंगळवारचं मरण

आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शनिवारी, मी स्पिरिदोनकाकांना मारायचो. दोन उन्हाळे हे नियमित चाललं होतं.

माझं काम म्हणजे ओल्तेनिया प्रांताच्या डोंगरातली चार गावं पाहुण्यांना एका दिवसात दाखवून संध्याकाळी गाडी शहरात परत आणणं. सहलीच्या पत्रकावर छापलं होतं, ‘लाकडी चमचे कोरणाऱ्या शेवटच्या कारागिराची भेट.’ पहिल्याच भेटीत कारागिराने एका स्वीडिश बाईंना त्यांचं वजन विचारलं, चमचा हवा असेल तर बाजारात मिळतो असं सांगितलं आणि फाटक लावून घेतलं. पत्रकं तर छापून झालेली. मग पुढच्या गटाला मी बंद फाटकासमोर उभं करून सांगितलं, काका गेले. चमचा कोरता कोरता हृदय बंद पडलं, हातात अर्धा चमचा तसाच. लोक रडले. मी दोन मिनिटं शांतता पाळायला लावली. सहलीत सगळ्यात काय आवडलं, ह्यापुढे लोक अभिप्रायाच्या कागदावर ह्या फाटकाचं नाव लिहू लागले. काका त्या वेळी डोंगरापलीकडे मधमाश्यांच्या पेट्यांवर असायचे, त्यामुळे कुणाचीच अडचण नव्हती.

त्या शनिवारी मात्र कंपनीच्या मालकीणबाई, वेतुरियाबाई, स्वतः गाडीत येऊन बसल्या. मी पदरचं घालून सांगतो अशी तक्रार त्यांच्याकडे गेली होती. निघतानाच त्या म्हणाल्या, “लिचिनियू, आज एक जरी थाप सापडली, तर सोमवारपासून तू गाड्या धुणार.”

मी ठरवलं, आज काका जिवंत. घरी नाहीत, एवढंच सांगायचं. पण मागच्या सीटवर हॉलंडचे एक निवृत्त पोस्टमन बायकोसह बसले होते. त्यांच्या शेजाऱ्यांनी गेल्या वर्षी हीच सहल केली होती. दुसऱ्या गावात पोस्टमननी पिशवीतून पुष्पचक्र काढलं. रिबिनीवर काकांचं नाव, आणि एक अक्षरही चुकलेलं नाही. कोण गेलं, असं बाईंनी मला विचारलं. पुष्पचक्रासमोर खरं बोलवेना. स्पिरिदोनकाका, दोन वर्षं झाली, असं सांगून मोकळा झालो. तिथे गेल्यावर बघू, बाई म्हणाल्या.

तिसऱ्या गावात पोहोचलो तर काकांचं फाटक सताड उघडं. अंगणात लांब टेबलं, वीसेक गावकरी काळ्या कपड्यांत, एका टोकाला पाद्री, मधोमध गोड उकडलेल्या गव्हाचा ढीग आणि त्यात खोचलेली मेणबत्ती. बाजूला नवा लाकडी क्रूस. त्यावर काकांचं नाव.

ह्या माणसाला मी ऐंशी वेळा तरी मारलं होतं, पण तो मरेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

वेतुरियाबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले आणि हळूच म्हणाल्या की तुझ्यावर उगाच संशय घेतला. नोकरी वाचली. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचाच असा धक्का बसला की फाटकाला धरून उभा राहिलो.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून नवाकोरा सूट घातलेले स्पिरिदोनकाका, कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या खिम्याचं पातेलं घेऊन बाहेर आले आणि बसून घ्या म्हणाले.

पोस्टमनच्या बायकोच्या हातून पुष्पचक्र सुटलं आणि घरंगळत जाऊन काकांच्या पायाशी आडवं झालं.

आमच्याकडे ज्याच्या मागे कुणी नाही, तो आपलं मर्तिकाचं जेवण जिवंतपणीच घालून टाकतो. माझ्या आजोळी तिघांनी घातलंय, मी तिन्ही ठिकाणी जेवलोय. क्रूसावर मृत्यूचं साल कोरं होतं, तेही मला दिसलं नाही. माणूस घाबरला की घरची रीतसुद्धा परकी होते.

काकांनी रिबीन वाचली. पोस्टमननी मला विचारलं, हे दोन वर्षांपूर्वी वारले ना? काकांनी विचारलं, काय म्हणतोय तो? मधे दुभाषा मी, आणि शेजारी दोन्हीकडचं कळणाऱ्या वेतुरियाबाई. शब्दन् शब्द खरा सांगावा लागला.

अंगणातले सगळे हात ताटावर थांबले.

“कशानं मेलो?” काकांनी विचारलं.

“हृदय बंद पडून. चमचा कोरताना.”

“लाकूड कुठलं?”

“चिडाचं.”

काकांनी पातेलं टेबलावर आदळलं. “चिडाचं? गाढवा, त्यानं सूप ढवळलं तर माणूस सूप पिईल का टर्पेंटाइन? दोन वर्षं माझ्या नावावर हे खपवतोयस?”

पाद्रींनी छातीवर क्रूसाची खूण केली. मरण सगळ्यांनी पचवलं होतं, चिडाचं लाकूड कुणालाच पचेना.

किती जणांना सांगितलंस, असं काकांनी विचारलं. मी म्हणालो, सहाशेच्या वर. रडले? बहुतेक. काका मटकन खाली बसले. त्यांनी टेबलांवरून नजर फिरवली. वीस माणसं, त्यातली सहा नुसती जेवायला शेजारच्या गावातून आलेली.

वेतुरियाबाईंनी मला सोमवारी सकाळी सहाला गाड्या धुवायला यायला सांगितलं. मी मान डोलावली.

“मग मंगळवारी सांगणार कोण?” काका म्हणाले.

बाईंनी त्यांना समजावलं की कंपनी खोटं विकत नाही.

“तर मग मीच सांगतो, बाई. मरण माझं आहे. मला कोण खोटारडा म्हणणार? फार तर म्हणतील, म्हाताऱ्याला घाई झालीये.”

बाईंना ह्यात कंपनीचं खोटं कुठेच सापडेना. मग काकांची भाषा पाहुण्यांना कळत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. टायर फुटल्यावर स्टेपनीकडे बघतात, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मंगळवारी काका सूट घालून फाटकात उभे होते. पहिल्या दिवशी मरायला त्यांना चाळीस मिनिटं लागली. मेपलचं लाकूड कसं निवडलं इथपासून शेवटच्या श्वासापर्यंत, सगळं तपशीलवार, आणि मी भाषांतर करतोय. मग टोपी काढून त्यांनी शांतता पाळायला लावली. एका गृहस्थांना मधेच शिंक आली, तेव्हा काकांनी सगळं पहिल्यापासून घेतलं.