शेपूट कापलेली गाडी

मिरलानचं वर्ष भरत आलं तशी सायराकुलच्या घरी माणसांची रीघ लागली. बांधकामावरचा पाळणा तुटून तिचा एकुलता एक मुलगा गेला होता. आता त्याचं आश, म्हणजे वर्षाचं जेवण, घालायचं होतं. त्या जेवणाला आजूबाजूची चार गावं उठली नाहीत तर आपण जगून काय केलं, असं सायराकुलचं स्वतःचंच म्हणणं होतं.

आश झालं की सुनेच्या अंगावरचे काळे कपडे उतरणार. डोक्याला पांढरा रुमाल बांधला की ती मोकळी. राहिली तर राहिली, माहेरी निघाली तर अडवणार कोण? मीरिमनं आणि तिच्या चार वर्षांच्या सेझिमनं याच घरात राहावं, याखेरीज सायराकुलला देवाकडं दुसरं काही मागायचं नव्हतं. पण देवाकडं मागणं वेगळं आणि सुनेकडं मागणं वेगळं. सुनेपुढं शब्द टाकायला तिची जीभ झडली असती. तिनं मनात ठरवूनच टाकलं होतं, आश असं थाटाचं करायचं की हे घर सोडून जायची सुनेलाच लाज वाटावी.

बैठकीत ओस्मोन आबांनी विषय काढला. हे तिचे थोरले दीर, दाढीला वजन असलेले.

"मेलेल्याच्या घोड्याची शेपूट कापतात. वर्षभर त्याच्यावर कुणी बसत नाही आणि आशच्या दिवशी त्याला लोकांपुढून फिरवतात. आपल्या मिरलानचं काय?"

"त्याला कुठला घोडा, आबा?" सायराकुल म्हणाली. "सगळी कमाई त्या डबड्यात घातलीन."

डबडं म्हणजे अंगणातली निळी गाडी. जपानहून आलेली, पोट जमिनीला टेकवून बसलेली. इंजिन मिरलाननं स्वतःच्या हातानं उघडून पुन्हा बांधलं होतं, टर्बो मोठा बसवला होता. जुन्या धावपट्टीवर पोरं शर्यती लावायची, तिथं तो दर रविवारी असायचा.

"मग तीच त्याचा घोडा," आबा म्हणाले. "तिची शेपूट कापा."

मिरलानचा दोस्त बेक्तुर मांडीवर थाप मारून उठला. त्याचं सायलेन्सरचं दुकान होतं. "आबा, काय बोललात! खालचा कॅटलिस्ट उडवू. धूर गाळायचा डबा हो, तो. त्याजागी सरळ नळी टाकतो. अशी डरकाळी फोडेल की मिरलानला कबरीत ऐकू जाईल!"

"ते तो डबा काढत नव्हते."

दारात चहाची किटली घेऊन मीरिम उभी होती. थोरल्या चुलतसासऱ्यापुढं सुनेनं तोंड उघडायचं नसतं, त्याचं नावसुद्धा घ्यायचं नसतं.

"काढत नव्हता, म्हणून लोक हसत होते," सायराकुल म्हणाली. "चहा ओत."

खरं तर मिरलाननं तो एकदा काढला होता, बाकीच्या पोरांसारखाच. त्या वेळी मीरिमला दिवस गेले होते. सकाळी गाडी तापवायला लावली की कच्च्या पेट्रोलचा तो उग्र वास थेट तिच्या खिडकीत यायचा आणि पोटात पाणी ठरायचं नाही. मिरलाननं सगळा बाजार पालथा घातला, धडका कॅटलिस्ट शोधून आणला आणि स्वतः गाडीखाली झोपून जोडला. नंतर किती दिवस इंजिनाची आणि आवाजाची जुळणी लावत बसला होता. दोस्त म्हणायचे, "मिरलान बायकोला विचारून धूर सोडतो." सायराकुलनंही सुनावलं होतं, "असला बाईलवेडा माझ्या पोटी कुठून आला?" तो नुसता हसला होता.

गेलं वर्षभर दर शुक्रवारी सायराकुल तेलात भाकऱ्या तळायची, गेलेल्याला तळणाचा वास पोचावा म्हणून. त्याच वेळी मीरिम सेझिमला मांडीवर घेऊन गाडी चालू करायची, बॅटरी मरू नये म्हणून. गाडी पोट भरलेल्या मांजरासारखी घुरघुरायची. "बाबा निघाले," सेझिम म्हणायची. "पेट्रोल काय नळाला येतं का?" सायराकुल खिडकीतून ओरडायची. पण गाडी बंद होईपर्यंत ती कढई चुलीवरून उतरवत नसे.

बैठक उठल्यावर मीरिम स्वयंपाकघरात आली. "अपा," ती खाली बघत म्हणाली. सासूला ती आईसारखं अपाच म्हणायची. "गाडी विका, नाहीतर कुणाला देऊन टाका. मी काही बोलणार नाही. पण ती इथं आहे तोवर तो डबा राहू द्या. त्यांनी माझ्यासाठी बसवलाय तो. आणि सेझिमला त्यांचा तेवढाच आवाज ओळखू येतो."

सायराकुलला सगळं कळलं. कळलं नाही असं तिला नंतरही कधी म्हणता आलं नाही. पण आबांनी शब्द टाकला होता, बेक्तुर आता गावभर सांगत सुटला असणार.

"म्हणजे मेल्यावरही माझा मुलगा बायकोच्या मुठीत, असं लोकांनी म्हणायचं? एक दिवस तरी मर्दासारखा मिरवू दे त्याला."

मीरिमनं बादली उचलली आणि ती पाण्याला गेली.

दुसऱ्या दिवशी बेक्तुरनं पोलादी कटर लावला. ठिणग्या उडाल्या, डबा खाली पडला. त्यानं तो छिन्नीनं फोडला. आतून मधाच्या पोळ्यासारखं राखाडी काहीतरी निघालं, ते ठेचून पोत्यात भरलं आणि त्यातला महागडा धातू घेणाऱ्या नाक्यावरच्या खरेदीदाराला विकून आला. त्या पैशात आशची साखर आली, असं तो मोठ्या अभिमानानं सांगत होता.

आश झालं तेही गाजावाजानं. घोडीचं मांस शिजलं, तंबू पडले, चार नाही सहा गावं जेवली. मग बेक्तुरनं गाडी काढली. तिनं अशी आरोळी ठोकली की खुंट्याचे घोडे उधळले. म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. "शाबास, सायराकुल! पोराला वाघासारखं पाठवलंस!" मागं काळा, डोळे चुरचुरवणारा धूर सुटला आणि कढयांवर बसला. तळणाचा वास कुठल्या कुठं गेला.

सेझिम किंचाळून बाकाखाली शिरली होती. "कोण आलंय? त्याला जायला सांग!"

"बाबांची गाडी आहे गं," सायराकुल म्हणाली.

"नाही!" पोर कान दाबून ओरडली. "ती नाही!"

मीरिमनं तिला बाकाखालून ओढून पोटाशी धरलं. सासूकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

पाहुणे पांगल्यावर सायराकुलनं बेक्तुरला कोपऱ्यात घेतलं. "परत बसव ते."

"काय, अपा?"

"तो डबा. बहिरा आहेस का?"

"त्याचा चुरा झाला, अपा. तुमच्या पाहुण्यांच्या चहात विरघळला," तो हसला. मग तिचा चेहरा बघून हसायचा थांबला. "दुसरा घालेन की. पण आवाज तो येणार नाही. जुळणी मिरलानची होती. मला नाही यायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी मीरिमचा भाऊ तिच्या माहेराहून, तलासहून गाडी घेऊन आला. मीरिमच्या डोक्याला पांढरा रुमाल होता आणि हातात गाठोडं.

"मोकळी झालीस," सायराकुल म्हणाली.

"हो, अपा."

राहा, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच. "आईच्या घरची भाकरी जास्त गोड असेल ना."

मीरिमनं पहिल्यांदाच तिच्याकडं सरळ पाहिलं. "इथलीही गोड होती. पण आता इथं त्यांचं काय उरलंय, अपा?"

मी उरलेय की. हे शब्द सायराकुलच्या ओठांपर्यंत आले आणि तिथंच थांबले.

"पोरीला टोपी घाल," ती म्हणाली. "घाटात वारा असतो."

दुपारी शेजारणी आशसाठी दिलेली आपली पातेली परत न्यायला आल्या. "सून कुठं दिसत नाही?"

"मीच धाडली," सायराकुल म्हणाली. "तरणी आहे. किती दिवस बसवून ठेवू?"

"काळीज लागतं हो असं करायला!" एक म्हणाली. दुसरी म्हणाली, अशी सासू अख्ख्या खोऱ्यात शोधून सापडायची नाही. सायराकुलनं मान ताठ ठेवून सगळ्यांना चहा ओतला. एवढी वाहवा झाल्यावर आता रडायचीही सोय उरली नव्हती.